घरच्या घरी वजनी व्यायाम: दहा बाय अकराच्या खोलीसाठी कोणती साधने घ्यावीत?

कासारवडवलीकर

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. घरात मी (वय ४२), पत्नी (३९), आई (६८) आणि शाळेत जाणारा मुलगा. मुंबईहून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ होतात आणि त्यानंतर जिमला जाऊन येण्याइतका वेळ उरत नाही. म्हणून घरातली दहा बाय अकरा फुटांची एक खोली व्यायामासाठी मोकळी करायचे ठरवले आहे. चालणे आणि सूर्यनमस्कार नियमित चालू आहेत, परंतु ताकदीचा व्यायाम आमच्यापैकी कोणीच करत नाही.

खर्चाची मर्यादा चाळीस हजार रुपये आहे. एका दुकानदाराने दोरी आणि कप्प्या असलेले मल्टी-जिम घेण्याचा आग्रह धरला आहे. ऑनलाइन पाहिले तर पन्नास किलोच्या प्लेट, दोन रॉड आणि बेंच असा संच बराच स्वस्त मिळतो. कार्यालयातला एक सहकारी चकती फिरवून वजन बदलणाऱ्या डंबेलची जोडी घ्या म्हणतो. पैसे एकदाच खर्च करावेत आणि वस्तू वर्षानुवर्षे टिकावी, असे माझे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सई नेरूळ

साधन निवडण्याआधी ते कोण वापरणार, हे पाहावे असे मला वाटते. तुमच्या घरात तीन वेगवेगळ्या ताकदीची माणसे आहेत. आईंना दोन किलो जड वाटेल आणि तुम्हाला सहा महिन्यांत वीस किलो हलके वाटू लागेल. त्यामुळे ज्या साधनात वजन थोडे थोडे वाढवता येते, तेच तुमच्या घरी उपयोगी पडेल.

हे थोडे थोडे वाढवणे फार महत्त्वाचे आहे, कारण शरीराला सवय झाली की त्याच वजनाने ताकद वाढणे थांबते. ठरावीक वजनाचे डंबेल बाजारात बहुधा अडीच किलोच्या टप्प्याने मिळतात. वीसवरून साडेबावीसवर जाणे म्हणजे साडेबारा टक्क्यांची वाढ, आणि ती झेपते. पण तुमच्या पत्नी खांद्याचा व्यायाम पाच किलोने करत असतील, तर पाचवरून साडेसातवर जाणे म्हणजे एकदम पन्नास टक्क्यांची वाढ होते. ती न झेपल्यामुळे अनेक स्त्रिया वर्षभर त्याच गुलाबी डंबेलवर थांबून राहतात आणि मग या व्यायामाचा उपयोग नाही असा समज करून घेतात. याउलट ज्या छोट्या रॉडवर प्लेट चढवता येतात, त्यांवर अर्ध्या आणि एक किलोच्या प्लेट लावून ही वाढ हवी तेवढी लहान ठेवता येते.

वजनकाटा

सईताईंशी पूर्ण सहमत. मल्टी-जिम या खोलीसाठी घेऊ नये. ते एकाच जागी रुतून बसते, त्यावर एका वेळी एकच माणूस व्यायाम करू शकतो, आणि स्वस्त यंत्रांतल्या नायलॉनच्या कप्प्या झिजल्या की घर्षणामुळे दहा किलोची खूण असलेले वजन प्रत्यक्षात किती लागते, याचा अंदाजच येत नाही. शिवाय घर बदलताना ते उतरवणे आणि पुन्हा जुळवणे हा मोठा खर्च होतो.

ऑनलाइन संचांबद्दल सविस्तर लिहितो. त्यातल्या पीव्हीसीच्या प्लेटमध्ये बहुधा सिमेंट किंवा तत्सम भरण असते. सिमेंट लोखंडापेक्षा बरेच हलके असल्याने तेवढ्याच वजनाची प्लेट खूप जाड होते आणि रॉडच्या टोकावरची जागा लवकर भरते. कडेचा सांधा उकलला की भुकटी गळू लागते. बिडाच्या किंवा रबर चढवलेल्या बिडाच्या प्लेट घ्याव्यात. त्या पुढच्या पिढीलाही वापरता येतात. प्लेटवर छापलेले वजन खरे आहे का, हे दुकानातच तपासावे. प्रवासाच्या बॅगा मोजायचा टांगता काटा खिशात न्यावा, प्लेटच्या भोकातून दोरी ओवावी आणि काट्याला लटकवून आकडा वाचावा. दहा किलोची खूण असलेली प्लेट सव्वानऊ किलो भरलेली मी पाहिली आहे. एका बाजूला तशी आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण दहाची प्लेट लागली, तर रॉड सतत एकीकडे झुकतो आणि कंबर ते सांभाळत बसते.

दुसरी गोष्ट म्हणजे रॉडची जाडी. आपल्या बाजारात दोन पद्धती आहेत. घरगुती संचातला रॉड सुमारे एक इंच जाड असतो आणि त्याच्या प्लेटचे भोकही त्याच मापाचे असते. ऑलिंपिक पद्धतीच्या रॉडच्या टोकांचा व्यास ५० मिलिमीटर असतो. पुरुषांच्या स्पर्धेतला रॉड २० किलोचा आणि २.२ मीटर लांब, तर स्त्रियांचा १५ किलोचा आणि २.०१ मीटर लांब असतो. एका पद्धतीच्या प्लेट दुसऱ्या पद्धतीच्या रॉडवर नीट बसत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी एक पद्धत ठरवावी आणि तिलाच धरून राहावे.

कळवा पूर्व

सरळ रॉडच घ्यावा. डंबेलने पायांची आणि पाठीची खरी ताकद येत नाही.

सई नेरूळ

कळवा पूर्व, सुरुवातीच्या वर्षभरासाठी हे मला पटत नाही. दोन हातांत मिळून तीस-चाळीस किलो घेऊन एका पायावर भार देणाऱ्या बैठका केल्या, तर बहुतेकांना त्या पुरून उरतात. हलक्या वजनाच्या अधिक आवृत्त्या थकवा येईपर्यंत केल्या तरी स्नायू वाढतात; कमाल ताकदीसाठी मात्र जड वजन अधिक उपयोगी ठरते, एवढे तुमचे म्हणणे मान्य आहे.

तुळई-खांब

मी बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे खोलीकडे माझ्या दृष्टीने पाहतो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात निवासी खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, इतका वापराचा भार धरलेला आहे. धागाकर्त्यांच्या खोलीचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटरच्या आसपास येते. त्यात शंभर किलो प्लेट, एक बेंच आणि दोन माणसे आली, तरी सुस्थितीतल्या स्लॅबला ते जड नाही. सगळी वजने खोलीच्या मध्यभागी एकावर एक न रचता भिंतीलगत पसरून ठेवावीत.

गच्चीत किंवा बंदिस्त केलेल्या बाल्कनीत मात्र वजने ठेवू नयेत. मानकात बाल्कनीसाठी खोलीपेक्षा जास्त, म्हणजे ३ किलोन्यूटन भार धरलेला असला, तरी बाहेर झेपावलेल्या बाल्कनीचा मुख्य गज स्लॅबच्या वरच्या अंगाला असतो. वरून पावसाचे पाणी मुरले की तोच गज आधी गंजतो आणि खालून पाहणाऱ्याला काही कळत नाही. वाशी, नेरूळ किंवा नौपाडा-चरईतल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी आधी संरचनात्मक परीक्षणाचा अहवाल पाहावा. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी परीक्षण अपेक्षित आहे, त्यामुळे अहवाल सोसायटीच्या कार्यालयात असायला हवा.

खरी नाजूक वस्तू म्हणजे फरशी. मोठ्या व्हिट्रिफाइड फरशांखाली अनेक ठिकाणी पोकळी राहिलेली असते. रुपयाच्या नाण्याने फरशीचे चारही कोपरे ठोकून पाहा. जिथे भरीव आवाजाऐवजी बद्द आवाज येईल, तिथे वजन टेकवू नका, कारण ती फरशी एका धक्क्यात तडकेल.

संस्था सचिव, वाशी

वरील तांत्रिक माहिती फार मोलाची आहे. आमच्या संस्थेत आलेल्या तक्रारी मात्र स्लॅबच्या भाराच्या नव्हत्या; त्या आवाजाच्या होत्या. सकाळी साडेपाचला वरच्या मजल्यावर डंबेल जमिनीवर टेकले की खालच्या घरातल्या आजारी माणसाची झोपमोड होते. रबरी मॅट फरशीला वाचवते, परंतु धक्का स्लॅबमधून खाली जायचा तो काही प्रमाणात जातोच. आमच्याकडे दोन्ही कुटुंबांना समोरासमोर बसवले आणि वेळ ठरवून घेतली, तेव्हा प्रश्न सुटला. साधने आणण्यापूर्वीच खालच्या शेजाऱ्यांना भेटून यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वजनकाटा

सचिवसाहेबांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. वीस मिलिमीटर जाडीची रबरी फरशी, तिच्याखाली अठरा-एकोणीस मिलिमीटरचे प्लायवुड आणि त्याखाली मऊ फोमचा थर, अशी चार बाय सहा फुटांची जागा तयार करावी. एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत फोमच्या मॅट एकट्या वापरू नयेत; त्या वजनाखाली दबतात आणि उभे राहताना पाय डगमगतो. टायरच्या रबराला सुरुवातीला उग्र वास येतो, म्हणून ते काही दिवस सावलीत उघडे ठेवावे. आणि वजन जितक्या ताब्याने उचलले, तितक्याच ताब्याने खाली ठेवावे. त्यात अर्धा व्यायाम आहे.

मुद्गल नौपाडा

सर्वांनी परदेशी साधनांची चर्चा केली, म्हणून आपल्या मातीतल्या साधनांची बाजू मांडतो. ठाण्याला आर्य क्रीडा मंडळ आणि मावळी मंडळ यांसारख्या संस्थांची परंपरा आहे. जोर, बैठका आणि मुद्गल एवढ्यावर माझ्या वडिलांनी सत्तरीपर्यंत शरीर टिकवले. लाकडी मुद्गलाची जोडी गंजत नाही, आवाज करत नाही आणि कोपऱ्यात उभी राहते. वजन टोकाशी असल्याने चार किलोचा मुद्गलही मनगट, खांदा आणि पाठ यांची चांगली परीक्षा घेतो. चाळीस हजार खर्च करण्याआधी याचा विचार व्हावा.

तुळई-खांब

मुद्गलाबद्दल मलाही आदर आहे, पण सदनिकेत तो फिरवण्याआधी पंखा पाहावा. बहुतेक घरांत छत पावणेतीन मीटरच्या आसपास असते आणि पंख्याची पाती त्याखाली फूटभर तरी लोंबतात. साडेपाच फुटांच्या माणसाने हात वर केला की तो सात फुटांच्या जवळ पोहोचतो, आणि त्याच्या वर मुद्गल किंवा डंबेलची प्लेट. डोक्यावर वजन नेण्याचा कोणताही व्यायाम पंख्याच्या पात्यांपासून दूर उभे राहूनच करावा. या खोलीत छताऐवजी भिंतीवरचा पंखा लावला, तर प्रश्नच मिटेल.

सई नेरूळ

मुद्गलदादा, खांद्यांच्या हालचालीसाठी मुद्गल उत्तम आहे आणि तो नक्की ठेवावा. परंतु मांड्या, नितंब आणि पाठ यांवर वाढता भार देण्याचे काम त्याने होत नाही. वजन वाढवायचे तर दर वेळी नवी जोडी करावी लागते. बैठकांचेही तसेच आहे. संख्या वाढवून दम वाढतो, पण एका मर्यादेनंतर ताकद वाढत नाही.

मुद्गल नौपाडा

हे मान्य आहे. तरी पाठीवर मुलाला घेऊन बैठका काढण्याची पद्धत आपल्याकडे होतीच, आणि धागाकर्त्यांच्या घरी शाळकरी मुलगा आहे.

निवृत्त शिक्षिका, वाशी

मी ६६ वर्षांची आहे, त्यामुळे धागाकर्त्यांच्या आईंच्या बाजूने लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम करावा, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम करावा असे म्हटले आहे. आमच्या पिढीतल्या स्त्रियांना हे कोणी सांगितलेच नाही. घरकाम म्हणजेच व्यायाम, असे ऐकत आम्ही मोठ्या झालो.

मला फिजिओथेरपिस्टने सुरुवात करून दिली ती खुर्चीवरून हात न टेकवता उठण्या-बसण्याने. खुर्ची चाके नसलेली आणि भिंतीला टेकवलेली असावी. त्यानंतर रबरी पट्टे आले आणि मग एक-एक किलोचे डंबेल. आता मी गव्हाची पाच किलोची पिशवी ओट्यावर सहज ठेवते. रक्तदाब असेल तर वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये, कारण त्याने दाब एकदम वाढतो. उचलताना श्वास सोडावा. गुडघ्याचे किंवा हाडांच्या ठिसूळपणाचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. कासारवडवलीकर, आईंसाठी वेगळे महागडे काही घेऊ नका, पण त्यांचे हलके डंबेल आणि पट्टे कंबरेच्या उंचीच्या फळीवर ठेवा, म्हणजे त्यांना वाकून शोधावे लागणार नाहीत.

खारघर टेकडी

बाई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या आईला वाचून दाखवला.

पट्ट्यांबद्दल एक भर घालतो. ते लॅटेक्सचे असतात आणि ऊन लागले की त्यांना बारीक चिरा पडतात. दर वेळी वापरण्यापूर्वी पट्टा ताणून उजेडासमोर धरावा आणि चीर दिसली तर तो फेकून द्यावा, कारण ताणलेला पट्टा तुटला तर थेट डोळ्यावर येतो. खाडीजवळच्या दमट हवेत लोखंडाचीही काळजी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर रॉडच्या खाचांमध्ये घामाचे मीठ आणि ओलावा साचतो. नायलॉनच्या ब्रशने खाचा साफ करून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवला आणि कोरड्या फडक्याने पुसून घेतले, की रॉड टिकतो.

कळवा पूर्व

चकती फिरवून वजन बदलणाऱ्या डंबेलवर कोणीच काही बोलले नाही. जागा सर्वांत कमी तेच घेतात.

वजनकाटा

जागेचा फायदा निर्विवाद आहे, आणि वजन बदलायला काही सेकंद लागतात हेही खरे. परंतु त्यांच्या आत कुलपासारखी यंत्रणा असते आणि ती धक्का सहन करत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सच्या ५५२ आणि १०९० या प्रकारांचे सुमारे ३८ लाख डंबेल परत बोलावण्यात आले, कारण वापरताना प्लेट मुठीपासून सुटून पडण्याचा धोका होता. सर्वच बनावटी तशा असतात असे मी म्हणत नाही. घ्यायचेच असतील तर वजन लावल्यावर आधी तळावरच थोडे उचलून, हलवून, प्रत्येक प्लेट अडकली आहे का ते पाहावे आणि मगच छातीवर न्यावे. घरात लहान मुलगा असताना मी साधा रॉड आणि प्लेट यांनाच पसंती देईन. त्यांतही फिरकीच्या नटाचे डंबेल हालचालीने सैल होतात, म्हणून प्रत्येक सेटपूर्वी नट आवळावा. मुलाच्या उंचीवर उभी प्लेट टेकवून ठेवू नये, हेही लक्षात असू द्यावे.

ऐरोली स्थानक

दारात बसवायच्या लोंबकळण्याच्या दांड्याबद्दल विचारायचे आहे. पाठीसाठी त्याच्याइतका चांगला व्यायाम नाही, पण आमच्या नव्या इमारतीत तो कुठे बसवावा हे कळत नाही.

तुळई-खांब

भिंत कशाची आहे यावर ते अवलंबून आहे. अनेक नव्या मनोऱ्यांत ॲल्युमिनियमच्या साच्यांतून, ज्याला सगळे मायवान म्हणतात, पूर्ण भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे अँकर बोल्ट उत्तम धरतात, पण त्या भिंती इमारतीचा भार पेलत असल्याने आणि त्यांच्या आतून विजेच्या नळ्या गेलेल्या असल्याने संस्थेची परवानगी आणि नळ्यांचा नकाशा घेतल्याशिवाय भोक पाडू नये. हलक्या, पांढऱ्या एएसी ठोकळ्यांच्या भिंतीत साधा बोल्ट माणसाच्या झोक्याने बाहेर येतो. चौकटीत दाबून बसवायचे दांडे चौकट भक्कम असेल तरच चालतात, आणि चौकटीला अडकवायचे परदेशी दांडे आपल्याकडे बसतच नाहीत, कारण त्यांना लागणारी बाहेर आलेली पट्टी आपल्या चौकटींना बहुधा नसते. जमिनीवर उभा राहणारा रॅक, म्हणजे रॉड टेकवायची आणि लोंबकळायची लोखंडी चौकट, हा सर्वांत निर्धोक उपाय आहे.

कासारवडवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री नाण्याने खोलीतल्या सगळ्या फरशा ठोकून पाहिल्या. खिडकीखालच्या दोन पोकळ निघाल्या, त्यामुळे मॅटची जागा समोरच्या भिंतीला सरकवली आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटून आलो. त्यांनी रात्री दहानंतर नको, एवढेच सांगितले.

आता असे ठरवत आहोत. प्लेट चढवायच्या छोट्या रॉडची एक जोडी. बिडाच्या प्लेट मिळून साठ किलो, त्यांत अर्ध्या आणि एक किलोच्या चार-चार. पाठ वरखाली होणारे एक भक्कम बेंच. प्लायवुड आणि रबराची मॅट. आईसाठी एक आणि दोन किलोचे डंबेल आणि पट्टे. मल्टी-जिमचा विचार सोडला. उरलेल्या पैशांत आत्ताच लांब रॉड आणि रॅक घ्यावा की थांबावे, एवढाच प्रश्न राहिला आहे. वागळे इस्टेटमधला एक फॅब्रिकेटर रॅक बनवून द्यायला तयार आहे.

सई नेरूळ

यादी अगदी योग्य आहे. रॅकसाठी सहा महिने थांबावे. तोपर्यंत छातीचा व्यायाम डंबेलनेच करावा. एकटे असताना दमल्यावर डंबेल दोन्ही बाजूंना उतरवता येतात, पण रॉड छातीवर अडकला तर सोडवणारे कोणी नसते.

कळवा पूर्व

रॅक घ्याल तेव्हा पाच फुटी रॉडच्या भरवशावर घेऊ नका. बहुतेक रॅकच्या दोन खांबांमधले अंतर चार फुटांच्या आसपास असते, त्यामुळे आखूड रॉड त्यावर नीट बसत नाही. मोठा रॉड घेणार असाल तर तो तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तिरका तरी मावतो का, हे आधी मोजा. नाहीतर तो जिन्याने न्यावा लागेल.

वजनकाटा

फॅब्रिकेटरकडून करून घेणार असाल तर ६० बाय ६० मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मागा आणि खांबांना दर पन्नास मिलिमीटरवर भोके पाडून घ्या. आडव्या सुरक्षा पट्ट्यांची उंची ठरवण्यासाठी स्वतःचे बेंच सोबत न्या आणि त्यावर झोपून पाहा. छाती फुगवलेली असताना रॉड छातीला टेकला पाहिजे आणि पट्टीला लागता कामा नये. श्वास सोडून छाती खाली गेल्यावर मात्र तोच रॉड मानेपर्यंत येण्याआधी पट्टीवर विसावला पाहिजे. हे अंतर बोटभर-दोन बोटांचेच असते. पत्नींचे माप वेगळे येईल, म्हणून त्यांनाही घेऊन जा.